पूरा डबल

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

माधव नगरच्या आमच्या ग्रुपमध्ये फासे टाकून खेळायचा फँटसी गेम मी चालवते. मागच्या रविवारी राक्षसाची कुऱ्हाड मंदारच्या योद्ध्याला वर्मी बसली. फाशावर नऊ, ताकदीचे चार. अशा वाराला डबल असतं, म्हणून मी तेराचे सव्वीस केले. योद्ध्याकडे चोवीसच पॉइंट जीव उरला होता. मेला. दोन वर्षं खेळवलेला! मंदारनं त्याची माहिती लिहिलेला कागद रामघाटावर जाऊन शिप्रा नदीत सोडला.

आज सकाळी रूलबुक नीट वाचलं. डबल फक्त फाशाचा आकडा होतो, ताकद नाही. म्हणजे बावीसच. वाचला असता हो तो!

दुपारी मंदार नवा योद्धा घेऊन आला. त्याचा पहिलाच वार वर्मी बसला.

"ताई, पूरा डबल ना?"

मी "हो" म्हटलं.

आता खरा नियम कुठल्या तोंडानं सांगू?