जुहीचं नाक

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. सुलभाजवळसुद्धा नाही — आणि बायकोपासून मला साधी विडी कधी लपवता आली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही रामचरणला ओळखत नाही.

मी भोपाळला पोलिसांच्या श्वान पथकात होतो. सुलभा एका सरकारी कारखान्याच्या शाळेत गणित शिकवायची, म्हणून आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिला मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पण दिवस माझे सगळे जुहीबरोबर. जुही म्हणजे काळी लॅब्रॅडॉर, माग काढणारी. माझ्या ताब्यात आली त्याच दिवशी तिनं माझी टोपी चावून ठेवली — साहेबांसमोर! तिच्या नाकाचं काय सांगू? एकदा टी. टी. नगरच्या बाजारात, चोरानं टाकलेल्या रुमालावरून तिनं मला भज्यांच्या कढया ओलांडून ओढत नेलं आणि थेट त्या माणसाच्या मांडीवर पाय ठेवला. तो समोसा खात होता. घाबरून त्यानं तोच तिच्यापुढे धरला. तिनं तोंड फिरवलं. ड्यूटीवर ती कुणाचं काही खात नसे.

असं जनावर सोडवतं का हो कुणाला?

माझी निवृत्ती तीन महिन्यांवर आली. जुही सहा वर्षांची, तिची नोकरी अजून बाकी. ती जाणार होती रामचरणकडे. तो माझ्याच पथकातला — भरघोस मिशा आणि सशाचं काळीज. त्याचा कुत्रा नुकताच गेला होता. जुहीला सवय व्हावी म्हणून तोच तिला खाऊ घालायचा, तिची खोली धुवायचा, तिच्याशी बुंदेलीत गप्पा मारायचा. आणि तीही त्याला पाहून शेपूट हलवायला लागली. मला खुपलं का? खुपलं.

वार्षिक चाचणी होती. नापास झालेला कुत्रा कामावरून कमी करतात, आणि अर्ज केला की त्याच्या हँडलरला तो घरी नेता येतो — हा नियम मला आदल्या आठवड्यापासून झोपेतसुद्धा म्हणता आला असता. म्हणजे ऐनवेळी हात चुकला, असं मी म्हणू शकत नाही.

पाच माणसं रांगेत उभी. त्यातल्या एकाचा रुमाल जुहीला हुंगायला दिलेला. तिसऱ्या माणसापाशी ती थांबली. बसणारच होती, म्हणजे 'हाच तो' — आणि मी दोरी ओढली. किती? दोन बोटं. कुणाला दिसणार? 'सोड, पुढं चल' असा तो आमचा इशारा. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. माणूस हाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं माझं ऐकलं. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा मी दोरी ओढली. तिसऱ्या वेळी तिनं वळूनही पाहिलं नाही.

कागदावर लिहिलं गेलं — वास घेण्याची शक्ती कमी झाली आहे.

आणि इथवर असतं, तर हे फक्त माझ्यात आणि जुहीत राहिलं असतं. पण रामचरण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी. "दादा, गलती मेरी है. सुबह फिनाइल ज़्यादा पड़ गया था. मैंने ही इसकी नाक खराब कर दी."

एका वाक्याचं काम होतं. मी काय म्हणालो? "होता है, रामचरण." म्हणजे मी त्याला माफ केलं! त्यानं साहेबांकडेही स्वतःच जाऊन हेच सांगितलं. त्याला पुन्हा कुत्रा मिळाला नाही. उरलेली नोकरी त्यानं फाटकावर पहारा देत काढली.

आणि खरं सांगू? पुढची सात वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. कारखान्याचा भोंगा वाजला की जुही आमच्या क्वार्टरच्या फाटकात बसायची, आणि शिफ्ट सुटलेली प्रत्येक सायकल तिच्यासाठी घंटी वाजवून जायची. कुणाची किल्ली हरवो, कुणाचा चष्मा — बोलावणं जुहीला. जोशी आजोबांची कवळी तिनं बोरीच्या झुडपातून काढून दिली. आजोबांनी ती धुतली, लावली आणि तिच्यादेखत कडाकड चकली खाल्ली. क्वार्टरांची सगळी लाइन हसत होती. मी तर हसून हसून खाली बसलो.

रामचरण दर रविवारी यायचा, कोलार रोडवरून दोन बस बदलून. जुहीनं एकाचं घड्याळ हुडकलेलं त्यानं पहिल्यांदा पाहिलं आणि अंगणात अक्षरशः उडी मारली. "लौट आई! दादा, इसकी नाक लौट आई!" त्या दिवशी त्यानं अख्ख्या लाइनीत जिलेबी वाटली. मीही खाल्ली. दोन तुकडे.

जुही गेली ती एका दुपारी, व्हरांड्यात उन्हाला झोपल्या जागी. मागच्या आवारात खड्डा रामचरणनं खणला. मला फावड्याला हात लावू दिला नाही. माती सारखी करून झाली, तसा तो वाकला आणि माझ्या पाया पडला. मला मागं सरकायलाही जमलं नाही.

"इतने साल हो गए, दादा," तो म्हणाला, "आपने मुझे एक बार भी ताना नहीं दिया."

मी त्याला उठवलं. पाठीवरची माती झटकली. म्हणालो, "चल, चाय पीते हैं."