फाळक्यावरची ओळ

आमच्या अंगणात बारा वर्षं एक जुनी पिकअप गंजत उभी होती. तिच्या टपावर भोंगा बांधून वडिलांनी एकेकाळी गावोगाव जमिनीच्या लढ्याचा प्रचार केला होता. मागे खाली पडणाऱ्या लाकडी फाळक्यावर, बाहेरच्या बाजूला, त्यांच्या हातची लाल ओळ होती: 'कष्ट आमचे, हक्कही आमचा.' माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. पण मी पहिल्यांदा अडखळत वाचली ती ही ओळ.

गेल्या वर्षी शेअर रिक्षावाल्यांनी मासळीच्या ओल्या पाट्या घेणं बंद केलं. माझी आत्या आमच्या गव्हाणहून पनवेलच्या बाजारात जाऊन मासळी विकते. सातच्या आत पोचलं नाही तर तिच्या कोपऱ्यात दुसरं कोणी बसतं. आठवड्यात तीनदा तसं झालं आणि ती धंदाच सोडायचं म्हणू लागली. मी रागाने पत्रक काढलं. एकही रिक्षा त्याने थांबली नाही. मग मी पिकअप टोचन लावून गॅरेजात नेली.

पनवेलचे मिस्त्रीचाचा गाडीभोवती दोनदा फिरले. "बेटा, गाडी नुमाइशला ठेवायची की काम करायचं?"

"काम."

इंजिन उतरलं, कुजलेला पत्रा कापला गेला, हौद्यात पाणी वाहून जायला पन्हाळी आली. बायकांना पाट्या ठेवायला चढता यावं म्हणून चाचांनी मागे लोखंडी पायरी जोडली. तिच्यावरून पाडलेल्या फाळक्यावर पाय द्यायचा आणि आत शिरायचं. फाळक्याचं काम मात्र मी कोणाला करू दिलं नाही. उन्हाचिखलात ओळ जाऊ नये म्हणून तो फिरवून, अक्षरं आतल्या बाजूला घेऊन बसवला. वर वार्निश दिलं. गाडी पासिंगमधून सुटली तेव्हा मी जिंकल्यासारखी घरी आले.

पहिल्या सकाळी आत्या पाटी घेऊन पायरीवर चढली. पुढचा पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

"अक्षरांवर मी पाय नाय ठेवायची."

"आत्या, अगं ती घोषणा आहे!"

"लिवलंय ना? मंग सरस्वतीच हाय ती."

फाळका पाडला की ओळ वर येते, हे मला तेव्हा कळलं. तिच्या मागे पाट्या घेऊन उभ्या असलेल्या दोघी मासळीवाल्याही थांबल्या. सव्वासहा वाजत आले होते. आत्याने पाटी खाली ठेवली. "रिक्षा बघते कुठली मिलते ती."

आरडाओरडा ऐकून वडील बाहेर आले. "उलटा कोनी बसवला ह्यो?"

मी वार्निशकडे बोट दाखवलं.

"कपाटात ठेवायला लिवली व्हती काय गो मी?"

त्यांनी पाना आणला. एका बाजूचे नट त्यांनी सोडले, दुसऱ्या बाजूचे मी. फाळका फिरवून होता तसा बसवला. पाडला तेव्हा ओळ जमिनीकडे गेली आणि वर कोरी फळी आली.

"जमिनीसाठीच लिवली व्हती," वडील म्हणाले. "वाचूं दे तिला."

आत्या हसत चढली. पाट्या भरल्या, फाळका लागला. पुढे एकाच माणसाची जागा, म्हणून त्या दोघी रिकाम्या हातांनी बसने निघाल्या, आत्या माझ्या शेजारी बसली. सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याचे ओठ आरशात हलताना दिसले.

"गाडी नको काढू लगेच," आत्या म्हणाली. "पुरतं वाचूं दे मेल्याला."

बाजारात पोचलो तेव्हा तिचा कोपरा रिकामा होता. तिने गोणपाट अंथरलं, पाटी ठेवली, वर पाणी शिंपडलं.

"उद्या पाच मिनटं आधी काढ," ती म्हणाली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली.