स्थिर आहेत

शुक्रवारी दुपारी देवापुढे नैवेद्याचे पान ठेवीत असताना सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, सर गेले..." जाधव सर, माझे तीस वर्षांचे स्नेही. खरे सांगायचे तर त्या क्षणी दुःखाआधी भय वाटले. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या मुलाला, मिलिंदला, मी फोनवर एक शब्द सांगितला होता.

रत्नागिरीच्या एकाच शाळेत ते इंग्रजी शिकवीत, मी संस्कृत. शब्द दिसला की मी त्याचा धातू शोधणार आणि ते मला अडवणार. "शास्त्रीबुवा, ‘नाइस’ म्हणजे मुळात अडाणी. आता वहिनींच्या चहाला नाइस म्हटलं, तर पुन्हा चहा मिळेल काय मला?" सारे शिक्षक हसत. मीही हसे, कारण व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान, हे मी स्वतःच मुलांना शिकवीत असे. शिकवणे सोपे असते...

बुधवारी रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "क्रिटिकल आहेत, पण स्टेबल." माझे मन त्या दुसऱ्या शब्दाला बिलगले. स्टेबल, आमच्याच ‘स्था’ धातूच्या कुळातला. स्था म्हणजे उभे राहणे. जो उभा आहे तो पडेल कसा? सुमनवहिनींना बोलवेना, म्हणून मुंबईला मिलिंदला फोन मीच केला.

"काका, आत्ताच निघू का?"

"स्थिर आहेत रे. शनिवारी सावकाश ये."

मग आत जाऊन सरांना मोठ्या कौतुकाने शब्दाचे ते कूळ सांगितले. त्यांनी प्राणवायूचा मास्क किंचित सरकवला. "तबेल्यालाही... स्टेबलच म्हणतात, बुवा." हसले. मग विचारले, "मिलिंद?"

"शनिवारी येतोय."

"आज वार कुठला?"

मी सांगितला. त्यांनी मास्क पुन्हा नाकावर ओढला आणि दाराकडे पाहत राहिले. रुग्णालयात ‘स्टेबल’ हा शब्द एवढेच सांगतो की या घटकेला बदल नाही. पुढल्या घटकेची हमी त्यात नाही. त्यांना ते उमगले होते. मला नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर मिलिंद माझ्या पाया पडला. "काका, तुम्ही जवळ होतात म्हणून मी निर्धास्त राहिलो." मी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. परवा त्याने सरांचा जाड शब्दकोश आणून दिला. "हा तुमच्याकडेच हवा." तो मी देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. जपाला बसलो की दृष्टी तिकडे जाते आणि हातातली माळ थांबते...

मिलिंद वृत्तपत्राची ही पुरवणी वाचतो. समोर बसवून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून येथे लिहितो. बाळ, डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले होते. पहिला मी तुला सांगितला नाही.