न दुखणारी कंबर

भोसरीच्या एका कारखान्यात मी पस्तीस वर्षे तपासनीस होतो. तयार भाग हाती आला की दोष शोधायचा आणि दोष सापडला की त्याचे कारण. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. गेल्या वर्षी कंबर धरली तेव्हा वेदनेपेक्षा तिचे कारण न मिळण्याचाच मला अधिक त्रास झाला. पाच मिनिटे एका जागी बसवेना. बिघाडाची कारणे शोधताना कारखान्यात माशाच्या काट्यासारखी आकृती काढत. तशी मी स्वतःच्या कमरेची काढली. गादी, दुचाकी, उभ्याने केलेली नोकरी. कागद भरला. कारण मिळाले नाही.

पिंपरीच्या एका रुग्णालयात कंबरदुखीवर संशोधन सुरू होते. दुखणाऱ्यांबरोबर न दुखणारेही त्यांना हवे होते. माझ्याच वयाचा, माझ्याच कारखान्यात प्रेसवर राबलेला, चऱ्होलीचा मित्र मी बरोबर नेला. तो अजूनही चाऱ्याचा भारा डोक्यावरून आणत असे. कंबर कधी दुखली नव्हती. दोघांचे एमआरआय झाले. बंद पाकिटे हाती देऊन तिथल्या बाईंनी बजावले, की पुढच्या गुरुवारी डॉक्टर समजावून सांगतील. तोवर उघडू नका.

पाकिटे मी बसथांब्यावरच उघडली. माझ्या अहवालात मणक्यातली एक चकती किंचित सरकलेली. त्याच्या अहवालात तीन, शिवाय झीज.

“काय लिवलंय?” त्याने विचारले.

“तुझी माझ्यापेक्षा खराब आहे. तीन चकत्या सरकल्यात.”

“पर मला तर कायबी दुखत न्हाई, राव.”

“दुखेल,” मी म्हणालो.

गुरुवारी तो आला नाही. डॉक्टरांनी मला सांगितले, की या वयात न दुखणाऱ्यांच्याही फिल्मवर असे बदल सर्रास दिसतात. केस पांढरे व्हावेत तसे. नुसती फिल्म पाहून दुखणारा कोण, हे त्यांनाही ओळखता येत नाही. आणि बहुतेकांच्या दुखण्याला एकच नेमके कारण दाखवता येत नाही.

“तुमचे मित्र का आले नाहीत?” त्यांनी विचारले.

मी तिथूनच चऱ्होलीची बस धरली.

मित्र भर दुपारी पलंगावर उताणा पडला होता. कमरेला पट्टा. त्याच्या पत्नीने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“भाऊजी, तुमच्यासंगं गेलं तवा धड हुतं हे. आठ दिस झालं, चारा मीच आनतीया.”

डॉक्टर म्हणाले ते सर्व मी सांगितले. त्याने छताकडे पाहत ऐकले.

“म्हंजी माल पास हाय?”

“पास आहे. मी अहवाल वाचायला नको होता. चूक माझी.”

“सायेब, तुमी आन् चुकला? रिजेक्ट केलेला माल तुमी कवा परत घेतला न्हाई. आमची समदी शिफ्ट खोळंबायची, तरी न्हाई.”

“आता घेतो.”

“पर दुखतंया की. खरंच दुखतंया.”

ते सोंग नव्हते. कुशीवर वळतानाही त्याचा श्वास अडत होता. हे दुखणे कुठल्याही फिल्मवर दिसले नसते. त्याचे कारण शेजारच्या खुर्चीवर चुळबुळत बसले होते.

“ऊठ. गोठ्यापर्यंत जाऊन येऊ,” मी म्हणालो. “माझीही दुखतेच आहे.”

“जावा,” त्याची पत्नी म्हणाली. “म्हस तरी वळखती का बगा.”

तो हसला नाही, पण उठला. माझ्या खांद्यावर भार देऊन गोठ्यापर्यंत आला, दावणीला टेकून उभा राहिला. तिथे पडलेल्या चाऱ्याला त्याने हात लावला नाही.

“उद्या येता?” परतताना त्याने विचारले.

तेव्हापासून रोज जातो आहे. गोठ्याच्या पुढे तो अजून येत नाही. दुखते का, हे मी विचारत नाही.