अखाजीला आलेली अभ्यागत

धुळ्याचे जुने परिचित अधूनमधून फोन करतात आणि चौकशी करतात, ज्येष्ठांच्या त्या वसाहतीत कसे काय आहे, आम्हीही यावे का? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणारा मनुष्य एकतर वसाहतीचा विक्री प्रतिनिधी असतो, नाहीतर तिथून भांडून बाहेर पडलेला असतो. मी दोहोंपैकी कोणीही नाही. न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात काढलेला आणि निवृत्तीनंतर पत्रे लिहिण्यासाठी बऱ्यापैकी बदनाम झालेला मी एक गृहस्थ आहे. बँकेने परस्पर बदललेली अट असो, गटारावर वर्षानुवर्षे न बसवलेले झाकण असो, की सरकारी कार्यालयाच्या दारावर चुकीची लावलेली वेळ असो, मी गप्प बसलेलो नाही. तेव्हा दोन्ही बाजू मांडूनच सांगतो.

आधी वसाहतीची बाजू. धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरात न्हाणीघर दोन पायऱ्या खाली होते आणि नळाला पाणी कधी येईल हे नगरसेवकालाही ठाऊक नसे. त्या पायऱ्यांवर माझी पत्नी पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मुलगा परदेशात, त्याची काळजी दर रविवारी फोनवरून येते. मुलगी सुरतेला, तिच्या संसारात. अशा स्थितीत आम्ही घर विकले आणि जळगावच्या बाहेर, केळीच्या मळ्यांपलीकडे उभ्या राहिलेल्या या वसाहतीत दोन खोल्यांची सदनिका घेतली. इथे लिफ्ट आहे, भिंतींना धरायला दांड्या आहेत, उशाशी घंटा आहे आणि ती दाबली असता खरोखरच माणूस येतो. व्यायाम करवून घेणारी एक मुलगी रोज येते. तिने माझ्या पत्नीला आधी वॉकरवर, मग काठीवर आणि शेवटी काठीवाचून चालते केले. याहून मोठी गोष्ट अशी की, आयुष्यभर इतरांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या या बाईने स्वतः न रांधलेले अन्न दोन्ही वेळा, गरम, पंगतीत बसून खाल्ले. ती कॅरम खेळायला शिकली. मला हरवू लागली. हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या बाजूचीही कैफियत आहे. इथले वांग्याचे भरीत हे भरीत नसून आजाऱ्यासाठी कुस्करलेली भाजी असते. कोणाचा वाढदिवस असला की सर्वांना गोलाकार बसवून टाळ्या वाजवायला लावतात, जणू बालवाडीत प्रवेश मिळाला आहे. सूचनाफलकावरच्या सूचना इंग्रजीत. त्याविरुद्ध मी लिहिलेल्या पत्रांमुळे त्या आता मराठीतही लागतात, अर्थात चुकीच्या शुद्धलेखनात. शेजारच्या सदनिकेत सावद्याचे केळीचे एक जुने व्यापारी राहतात. त्यांना सारे नाना म्हणतात. माझ्या हातात लिफाफा दिसला की ते ओरडतात, "भाऊ, आज कोनाची खैर नाही? रोज एक नोटीस काढता, कधी माह्या नावाची काढसान!"

परंतु हे सारे किरकोळ. मला जे सांगायचे आहे ते एका कलमाविषयी आहे.

इथे येण्यापूर्वी करारनामा मी तीन बैठकांत वाचला. त्यातली कित्येक कलमे बदलून घेतली. एका कलमातली मुदत वाढवून घेतली. एक तर समूळ काढायला लावले. एकच कलम मला मनापासून पसंत पडले, ते अभ्यागतांचे. कोणाही अभ्यागताने सदनिकेत मुक्काम करू नये. अतिथिकक्षात, पूर्वनोंदणी करून, जास्तीत जास्त दोन रात्री राहावे. मी पत्नीला समजावून सांगितले की, मसुदा करणारा जाणता दिसतो; नाहीतर उद्या कोणाचा पुतण्या येऊन ठाण मांडेल आणि वहिवाटीचा हक्क सांगत बसेल. ती मेथी निवडत होती. "आपले कोण येणारेत ठाण मांडायला?" एवढेच ती म्हणाली. मी व्यवस्थापनाला या कलमाची प्रशंसा करणारे पत्रही पाठवले. शब्दांच्या व्याख्यांवरून भल्याभल्या वकिलांना अडवणारा मी. परंतु 'अभ्यागत' या शब्दाची व्याख्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सगळ्यांचे नातलग उभे राहिले, माझी मुलगी उभी राहिली नाही. ती कोणाकडे येणारी आहे असे मला वाटलेच नाही. ती घरचीच होती.

अक्षय तृतीया अन्यत्र सोने खरेदीचा दिवस असेल. आमच्या खानदेशात ती अखाजी, आणि अखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीने माहेरी येणे. त्या आठ दिवसांत तिला कोणी काम सांगत नाही. माझी मुलगी स्वतः आता पन्नाशीकडे आली, पण तिची अखाजी कधी चुकली नव्हती. सुरतेहून धुळ्याला उतरायची, ओट्यावर बॅग टाकायची, आईचे एखादे जुने लुगड्यासारखे मऊ झालेले पातळ गुंडाळायची आणि उन्हे डोक्यावर येईतो झोपायची. उठली की स्वयंपाकघरात आईच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि दोघींची अहिराणी सुरू व्हायची. शिकलेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी; सासूची नक्कल मात्र अहिराणीतच करायची. मी बाहेरून दटावत असे, "हळू बोला, गल्ली ऐकते आहे." आतून उत्तर यायचे, "ऐकू द्या आबा, गल्लीलाच सांगतेय."

वसाहतीतल्या पहिल्या अखाजीला ती जळगावला उतरली. तिला घ्यायला मी फाटकाशी गेलो तेव्हा रखवालदार तिला विचारत होता.

"कोणाकडे?"

"आईकडे."

"सदनिका नंबर? काम काय आहे?"

"काम काय म्हणजे? अखाजी आहे ना, भाऊ!" ती हसत म्हणाली.

रखवालदारही हसला, पण वहीत त्याने लिहायचे ते लिहून घेतले, तिच्या गळ्यात अभ्यागताची पट्टी अडकवली आणि अतिथिकक्षाची किल्ली दिली. अतिथिकक्ष दुसऱ्या इमारतीत होता.

मी तसाच व्यवस्थापिकेच्या दालनात शिरलो. बाई वयाने माझ्या मुलीहून लहान, वागण्यात अत्यंत सभ्य. संतापाला पकडायला जागाच देत नाहीत.

"मॅडम, ती माझी मुलगी आहे."

"हो सर, कळलं ना. म्हणून तर रूम लगेच दिली."

"मुलगी ही अभ्यागत या संज्ञेत येत नाही."

"सर, करारात रहिवासी म्हणजे तुम्ही आणि काकू. बाकी सगळे अभ्यागत. आणि तुमचंच पत्र आहे ना माझ्याकडे." त्यांनी संगणकावर ते काढले आणि शांतपणे वाचून दाखवले, "'सदर कलम अत्यंत सुस्पष्ट असून त्यास कोणत्याही कारणास्तव अपवाद करण्यात येऊ नये.'"

त्यांच्या वाचण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर मला बोलता आले असते.

बाहेर नाना भेटले. त्यांना वार्ता आधीच लागलेली. "भाऊ, मी तर माह्या पोरीले सांगून टाकलं, जेवाले इथं ये नि झोपाले हाटेलात जाय. जावई म्हने, सासऱ्याच्या केळीच्या गाड्या दिल्लीले जातात नि आमाले खाट नाही!" ते मोठ्याने हसले. त्यांची मुलगी त्या वर्षी आली नव्हती, हे मला पुढे कळले.

मुलगी दोन रात्री राहिली. तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. दिवसभर ती आमच्या खोलीत असे. पण चांगले कपडे घालून, खुर्चीत, फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखी बसलेली. "आबा, पाणी कुठलं घेऊ?" असे तिने मला विचारले. देवपूरला तिने कधी विचारून पाणी घेतले होते? पत्नीने गॅलरीत पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवले, पूजा केली. चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावरची पुरणपोळी मात्र झाली नाही, कारण सदनिकेत विस्तव निषिद्ध. भोजनगृहातली तव्यावरची पोळी आली आणि ती तिघांनीही चांगली आहे असे म्हणत खाल्ली. रात्री जेवणे आटोपली की मुलगी पट्टी गळ्यात अडकवून दुसऱ्या इमारतीत जायला निघे आणि तिची आई गॅलरीत उभी राहून तिकडच्या खिडकीतला दिवा लागेपर्यंत पाहत असे. तिसऱ्या दिवशी ती सुरतेला गेली. आठ दिवसांची लेक दोन रात्रींत परतली.

मग मी लिहायला बसलो. त्या वर्षभरात मी जितक्या निकराने पत्रे लिहिली तितक्या निकराने मी कधी काही लिहिले नसेल. रूढी आणि परिपाटी यांना कायद्याने किती वजन आहे, हे मी सप्रमाण मांडले. रहिवाशांच्या सह्या घेतल्या. अखाजीला येणारी कन्या ही अभ्यागत नसून त्या गृहाची तात्पुरती अनुपस्थित सदस्य होय, असे वाक्य मी रचले आणि त्याचा मला अभिमान होता. व्यवस्थापनाने नमते घेतले. परिपत्रक निघाले : अखाजीनिमित्त येणाऱ्या विवाहित कन्यांना सदनिकेत आठ दिवस मुक्कामास अनुमती. नानांनी आनंदाने केळीचा घड वाटला. मी परिपत्रक पत्नीपुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते पूर्ण वाचले आणि म्हणाली, "म्हणजे आता परवानगी आहे." तिच्या स्वरात आनंद होता की काय होते, ते मला ठरवता आले नाही.

पुढच्या अखाजीला मुलगी आली. गळ्यात पट्टी नव्हती. आमच्याच खोलीत घडीच्या खाटेवर झोपली. परंतु पहाटेच उठून चादरीची घडी घालून बसली. बाजूच्या सदनिकेतल्या वृद्धांची झोपमोड होईल म्हणून मायलेकी हलक्या आवाजात आणि शुद्ध मराठीत बोलत. आठ दिवसांचा हक्क मी मिळवून दिला होता, पण तिसऱ्या दिवशी सायंकाळी ती म्हणाली, "आबा, उद्या निघते मी. रेल्वेला गर्दी आहे, धुळ्याहून एसटीने जाईन." पत्नी तिची बॅग भरू लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला धुळ्यापर्यंत पोहोचवायला निघालो.

धुळ्याला उतरल्यावर ती म्हणाली, "सुरतेच्या गाडीला वेळ आहे. एकदा गल्लीतून जाऊन येऊ?" रिक्षाने पांझरेचा पूल ओलांडला आणि आम्ही देवपुरात आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो. आमच्या घराच्या जागी अभ्यासिकेचा फलक होता. खाली काचेचे दार, आत डोकी खाली घालून बसलेली मुले. ओटा तोडून दुचाक्या लावायला जागा केलेली. ती पाहत उभी राहिली. मीही.

तेवढ्यात समोरच्या दारातून अक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या, वैधव्यात एकटीने चार मुले वाढवलेल्या बाई. कपडे वाळत घालणे आणि भांडणे या दोन्ही गोष्टी त्या गल्लीच्या मधोमध करतात.

"उनी का व माय!" त्या तिथूनच ओरडल्या. "दोन सालफाईन माहेरनी वाट चुकनी का? घर इकं ते इकं, गल्लीबी इकी टाकी का तुना बापनी?" घर विकले ते विकले, बापाने गल्लीही विकून टाकली का, हा त्यांचा सवाल होता.

मुलगी हसली. गेल्या दोन वर्षांत मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते. तिने बॅग अक्कांच्या ओट्यावर टाकली, चपला उंबऱ्याबाहेर कशाही भिरकावल्या आणि विचारपूस न करता थेट आत गेली. माठावरचे भांडे वाजल्याचे मी ऐकले.

"भाऊ, बठा ना. पाव्हनासारखं उभं कसाले?" अक्का मला म्हणाल्या आणि खुर्ची आणून दिली.

मी त्या खुर्चीत बसलो. आतून अहिराणी सुरू झाली होती. मागल्या दारी खापर तापत होते, त्याचा धूर ओट्यापर्यंत येत होता. शेजारच्या दोघीतिघी आल्या, मला नमस्कार करून आत गेल्या. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर अक्कांचे पातळ होते.

"आबा, मी आज इथंच राहते. उद्या सकाळची एसटी आहे. चालेल ना?"

तिने अनुमती मागितली, ती माझ्याकडे. मी चालेल म्हणालो. या घराशी माझा काही करार नव्हता, ना अक्कांनी तिला किती रात्री राहशील असे विचारले. मी एक पोळी खाल्ली, चांगली होती, आणि जळगावच्या गाडीत बसलो. वाटेत मला अक्कांचा राग येत होता, आणि तो कशाबद्दल आहे हे मी कोणत्याही कलमात बसवू शकत नव्हतो.

परतलो तेव्हा पत्नी खोलीत घडीची खाट उभी करून ठेवत होती.

"बसली का नीट गाडीत?"

"ती अक्कांकडे राहिली. उद्या जाईल."

ती खाटेवरच बसली. मग तिने एकामागून एक विचारले. अक्कांच्या सुनेला काय झाले, मुलगा की मुलगी? कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालू आहे का? कोण कोण आल्या होत्या? पुरण गुळाचे की साखरेचे? मी साक्षीदार म्हणून अगदीच कुचकामी ठरलो. यातले मी काहीही पाहिले नव्हते. 

"मला का नाही नेलंत?"

"तुझा पाय..."

"माझा पाय बरा आहे आता."

ते खरे होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून अक्का आणि मुलगी दोघी एकदम बोलत असाव्यात. पत्नी फोन घेऊन गॅलरीत गेली आणि कित्येक महिन्यांत प्रथमच, आजूबाजूच्यांची पर्वा न करता, मोठ्याने अहिराणीत बोलू लागली. भोजनाची घंटा झाली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिने वळून न पाहता हाताने खूण केली की, तुम्ही जेवून या.

मी खाली गेलो आणि एकटाच जेवलो.