आनंदात म्हणाचं

सुखी व्हाची इतकी मेहनत करणारा माणूस मी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा पायला नाई. बाकीचे लोक पोटासाठी राबतात, पोरीच्या लग्नासाठी राबतात. माहे साडभाऊ पहाटपासून दिवेलागणीवरी नुसते सुखी व्हासाठी राबत. त्यायची बायको म्हंजे माह्या बायकोची मोठी बहीण. माही बायको तिले बाई म्हणे, म्हून मीबी बाईच म्हणो. साडभाऊ वर्धेच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत अन् बोरगाव मेघेले घर बांधून राहत. त्याच रोडवर माहं पंक्चरचं दुकान. शाळेशी माहा संबंध दुसरीतच तुटला. गुरुजीनं "उभा राह्य" म्हटलं, मी उभा राह्यलो, अन् उभा झालोच हो तं चाललो घरी, असा हिशोब केला. पण साडभाऊले मी भल्ला आवडो. ते म्हणत, "तुझं मन म्हणजे कोरी पाटी आहे." मले वाटे तारीफ करून राह्यले. माही बायको म्हणे, "डोक्शात काई नाई म्हणून राह्यले ते तुमाले. हासता काय!"

त्यायचं म्हणणं असं का मन, देव अन् सवय हे तीन चाकं हायेत, एकबी बसलं तं माणूस जागचा हालत नाई. मी म्हटलं, "भाऊ, माहे तीनबी बसले हायेत, पण गाडी उतारावर हाय म्हून चालून राह्यली." ते हासले नाई. हासाची त्यायची वेळ ठरेल होती. पहाटे प्रार्थना झाली का गच्चीवर जाऊन जोरजोरानं हासाचं, मंग थंड्या पाण्यानं आंघोळ, मंग कडुलिंबाचा रस, मंग डोये मिटून रात्रीच्या सपनाचा अभ्यास. एकदा मलेबी गच्चीवर नेलं. डिसेंबरची थंडी, दात वाजून राह्यले, त्यात हासाचं. मी असा हासलो का बाजूच्या घरून माणूस काठी घेऊन आला. त्याच्या घरी पोरीले पाहाले पाहुणे मुक्कामी आलते, त्यायले वाटलं आपल्याले हासून राह्यले. साडभाऊ काई भेले नाई. त्यायनं एक खुर्ची आणून आंगणात ठेवली अन् म्हटलं, "राग हा पाहुणा आहे. त्याला बसायला द्या, तो आपोआप निघून जाईल." त्या माणसाले वाटलं खुर्ची त्याच्यासाठीच हाय. तो बसला, बाईनं चहा देल्ला, पोहे देल्ले, अन् तो पाहुणे घरी सोडून गंज वेळ तिथंच बसला.

माहा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवाचा त्यायनं विडा उचलला. तलफ आली का डोये मिटाचे अन् मनाले इचाराचं, तुले नेमकं काय पायजे? मी डोये मिटले. मन लगेच म्हणे, खर्रा. साडभाऊ म्हणे, "वरवर नको. खोल विचार." मी खोल इचारलं. मनानं सांगतलं, सुपारी जास्त टाकजो.

पण सगळ्यात पक्का नियम होता तो बोलाचा. "कसे हा?" असं कोणीबी इचारलं, दूधवाल्यानं, मीटरवाल्यानं, एसटीडी बूथवाल्यानं, तं "आनंदात" म्हणाचं. दुसरं काई नाई. "तोंड बोलतं ते मन ऐकतं, आणि मन ऐकतं ते शरीर करतं." बाई मूळची अल्लीपूरची, शेतात राबेल, आंगानं भरेल, पोह्यात शेंगदाणे मुठीनं टाकणारी. तिले मानसशास्त्र काई समजे नाई, पण नवऱ्याचं तिनं मानलं. एकदा तिच्या हातावर कढईतलं तेल उडालं. मी म्हटलं, "बाई, काय झालं?" ती हात माठात बुडवून म्हणे, "आनंदात!" आमी सगळे हासलो. तीबी हासली. माहं मात्र कधीच जमलं नाई. मले कोणी इचारलं का मी सुरूच होवो: गुडघे गेले, गॅस धरला, झोप नाई, बायको आयकत नाई. साडभाऊ शेवटी कंटाळले. म्हणे, "तू फार नकारात्मक आहेस. तुझा चहा तू मागे बसून घेत जा." तेव्हापासून मी त्यायच्या घरी गेलो का मांगच्या आंगणात, कपडे धुवाच्या गोट्यापाशी बसो.

मंग बाई वाळाले लागली. बांगड्या कोपरावरी जाऊ लागल्या. मोठ्या दवाखान्यात नेलं तं पोटात गाठ निंघाली, अन् उशीर झालता. डॉक्टरनीनं साडभाऊले एकट्याले बलावून सांगतलं का हे आता बरं व्हाचं नाई. ते बाहेर आले तेव्हा माह्याकडे पाहून म्हणे, "प्रसन्न राहायचं." अन् भिंतीकडे तोंड करून उभे राह्यले.

घरी आल्यावर त्यायनं नियम अजून कडक केले. घरात कोणी रडाचं नाई. बिमारीचं नाव काढाचं नाई. सकाळी गव्हांकुराचा रस, पोटावर मातीची पट्टी, दुपारी भजन, संध्याकाळी चांगल्या विचाराचं वाचन. "भीती आत शिरली की रोग जिंकतो," ते म्हणत अन् म्हणता म्हणता पोटावरची पट्टी पुन्हा पुन्हा बदलत. मले तेव्हा राग ये. आता समजते, माणूस भेला का जे औजार हाताशी असन तेच उचलते. मी पाना उचलला असता. त्यायच्या हाताशी हेच होतं.

दवाखान्यात मी दर खेपेले संग राहो. माह्यासारख्या जाड माणसाचा एक फायदा हाय, लिफ्ट बंद असली का पेशंट उचलाले कामी येते. डॉक्टरीन दर वेळी इचारे, "काकू, कसं वाटतं? दुखतं का?" बाई नवऱ्याकडे पाहे अन् म्हणे, "आनंदात." डॉक्टरनीले बरं वाटे, ती मांगच्याच गोळ्या पुन्हा लिहून दे. मी मात्र बाईचा हात पाहो. बाकाची कडा तिनं अशी दाबून धरली राहे का नखं पांढरे.

एक दिवस साडभाऊ औषधाच्या लाईनीत होते तं मी म्हटलं, "बाई, खोटं काऊन बोलता जी?"

"हळू बोला, जवाई. आयकतीन ते."

"आयकू द्या. दुखते म्हणाले काय होते?"

"त्यायले वाटते मी दुखते म्हटलं का मी गेलीच. तेवढं एकच उरलं त्यायच्या हाती. ते कसं हिसकू मी?"

"मंग दुखते कोणाजवळ म्हणाव?"

"तुमच्याजवळ म्हणून तं राह्यली. तुमी तसेबी नकारात्मक हा." अन् ती हासली. हासता हासता वाकली, अन् गंज वेळ सरळ झाली नाई.

तेव्हापासून साडभाऊ कॉलेजात गेले का मी दुकान टाकून जावो. बाई भिंत धरत धरत मांगच्या आंगणात ये, पायरीवर बसे, अन् सांगे. आज कुशीत हाय. आज पाठीत उतरलं. आज घासच गेला नाई. मले काय समजते त्यातलं! मी आपले माहे गुडघे सांगो.

"बाई, माह्याबी गुडघा लय धरला."

"कोणता?"

"दोनीबी."

"मंग तुमचं जास्त हाय, बाप्पा. माहं तं एकच पोट."

एका दुपारी असंच बसलो होतो. बाईले कळ आली. तिनं पदर दातात धरला, तरी आवाज निंघाला, "माय वं... माय..." मी उठलो अन् पायलं तं रांधणीच्या दारात साडभाऊ उभे. कॉलेज लवकर सुटलं असन. कवाचे उभे होते, देव जाणे. मले वाटलं आता माहा चहा आंगणातूनबी बंद.

ते आले अन् इस्तरीच्या प्यांटीनं त्या वल्ल्या गोट्यावर बसले. "कुठं दुखतं?" त्यायनं इचारलं.

बाईनं पदर काढला, तोंड पुसलं. "आनंदात," म्हणे.

"नाही. खरं सांग."

"आनंदात हो. तुमी उगाच..."

ती सोडाले तयार नाई. त्यायच्यासाठी धरेल होतं तिनं, त्यायनं सोड म्हटलं तरी सुटे नाई.  इतके वर्ष मी साडभाऊचं पुस्तकी बोलणं आयकलं, पण त्या दिवशी ते त्यायच्या मायच्या बोलीत बोलले. "मले भेव लागून राह्यलं वं," ते म्हणे. "मले झोप नाई. घास उतरत नाई. गच्चीवर जातो अन् हासणं येत नाई, नुसता उभा राह्यतो. तू गेल्यावर मी काय करू, मले काईच समजून नाई राह्यलं."

बाई त्यायच्याजवळ सरकली. मंग म्हणे, "उजव्या कुशीत दुखते. अन् पाठीत. लय दिवसाचं."

त्यायनं हात ठेवला. "इथं?"

"खाली."

"इथं?"

"हाव."

मी नळाकडे तोंड करून हात धुत बसलो. पंक्चरवाल्याचे हात धुतल्यानं काई निंघत नाई, म्हून बरं झालं, वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी त्यायनंच डॉक्टरनीले सगळं सांगतलं. डॉक्टरीन म्हणे, "सर, अहो, इतके दिवस का नाही सांगितलं?" शिकेल माणूस, लेकरावाणी खाली पाहून उभा राह्यला. दुखण्याचं औषध वेगळं भेटलं. येताना ऑटोत बाई त्यायच्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. साडभाऊ दर खड्ड्याले ऑटोवाल्याले म्हणत, "हळू घे रे बाबा, हळू." घर आलं तरी त्यायनं तिले उठवलं नाई. मीटर चालू ठेवून ऑटोतच बसले.

बाई उन्हाळा लागाच्या आधी गेली. तोवरी दोघंबी एकमेकाले सगळं सांगत. काई बरं झालं नाई त्यानं. गाठ गाठीच्या ठिकाणीच होती.

आता साडभाऊ रिटायर झाले. दुपारचे माह्या दुकानात येऊन बसतात. उपदेश करत नाई. मीच कधी कधी म्हणतो, भाऊ, सांगा काई, गिऱ्हाईक टिकत नाई. परवा तळेगावकडचा एक माणूस आला, मोटारसायकल ढकलत. लय घाईत. "लवकर करा, लवकर करा" म्हणे, दवाखान्यात भावाले डबा द्याचा होता. साडभाऊनं त्याले बाजूले जागा देल्ली अन् इचारलं, "काय झालं भावाले?" त्यानं सांगाले सुरुवात केली. मी चाक काढलं, ट्यूब घासली, पॅच मारला, चाक बसवलं, हवा भरली. तो सांगतच होता. साडभाऊ नुसते "हं" म्हणत होते, अन् त्याच्याकडेच पाहत होते. गाडी तयार होती, पण मले "झाली" म्हणवलं नाई. पंपावर हात ठेवून मी चाकापाशीच बसून राह्यलो.