दारावरचा विल्फ आणि बाराशे माणसं

माझा नवरा विल्फ थर्लबी सत्तावीस वर्षं एकाच दारात बसत आलाय. म्हणजे तसा वर्षातून एकच रविवार, मार्चमधला. पण त्या रविवारची काळजी तो उरलेलं वर्षभर करतो, म्हणून मी सत्तावीस वर्षंच धरते.

त्या दिवशी आमच्या गावच्या क्रीडा केंद्रात छोट्या युद्धांचा मेळा भरतो. बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई घरी बसून रंगवायचे, हिरव्या कापडाच्या टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे आणि दोनशे वर्षांपूर्वी संपलेली लढाई पुन्हा एकदा हरायची, असा हा छंद. हरणारे बहुतेक साठीच्या पुढचे, आणि झाडून सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या. त्यातला एक जरी वळला तरी मागच्या टेबलावरची अर्धी पलटण आडवी होते. पण कुणी भांडत नाही. दारूगोळ्याचा स्फोट झाला असं धरून पुढे खेळतात.

मी चहा आणि बेकन घातलेले पाव विकते. माझ्या काउंटरवरून अख्खा हॉल दिसतो, ऐकू येतो, आणि दुपारनंतर त्याचा वासही येतो. दहाला दार उघडतं. अकराच्या आत पहिला माणूस चहा ढवळत म्हणतो, "गेल्या वर्षी जास्त गर्दी होती." दुसरा मान हलवतो. ज्या वर्षाबद्दल ते बोलतात त्या वर्षीही ते हेच म्हणत होते. दोननंतर हॉल रिकामा व्हायला लागतो. नवे खोके गाडीत स्टेपनीखाली दडवायचे आणि बायकोने विचारलंच तर 'हे जुनेच आहेत' म्हणायचं, याची मनात उजळणी करत सगळे घरी जातात.

विल्फ पूर्वी बसवर तिकीट तपासनीस होता. दारात तो उजव्या हाताने पाहुण्याच्या मनगटावर शिक्का मारतो आणि डाव्या अंगठ्याने मोजणीयंत्र दाबतो. बाहेर जाऊन परत आलेला माणूस तो पुन्हा मोजत नाही. शिपाई आणि रंग विकायला आलेले दुकानदार मोजत नाही, खेळ मांडणारे मोजत नाही, मला मोजत नाही आणि स्वतःलाही नाही. "तिकीट काढलं तर तो पाहुणा," एवढंच त्याचं म्हणणं.

शिवाय कुठे चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एका वर्षी एका पाहुण्याने स्वतः रंगवलेला घोडेस्वार मोठ्या कौतुकाने खिशातून काढून त्याला दाखवला. याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "कॉलर पिवळी हवी होती." तो माणूस पुन्हा कधी फिरकला नाही. पुढच्या वर्षीचा आकडा एकाने कमी आला, आणि विल्फने तो तसाच वहीत लिहिला.

मेळा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष जेफ्री स्पिन्क हा विल्फचा शाळेपासूनचा दोस्त. दर वर्षी संध्याकाळी विल्फ त्याला आकडा सांगायचा. जेफ तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मंडळाच्या पत्रकात आणि जाहिरातीत दुसराच छापायचा. विल्फचा आकडा उतरत गेला तसा जेफचा चढत गेला. गेल्या वर्षी विल्फचे चारशे अडतीस होते आणि जेफचे बाराशे.

"जेफ, बाराशे नव्हते रे," विल्फ म्हणाला.

"तुझ्या यंत्राची स्प्रिंग गेलीय."

दुसऱ्या दिवशी विल्फने यंत्र खोलून स्प्रिंग तपासली. ती ठणठणीत होती. पण तो दिवसभर ते यंत्र पुन्हा पुन्हा दाबून बघत होता, आणि मला जेफचा मनापासून राग आला. जेफ लबाड असता तर एवढा आला नसता. बाराशे बाराशे म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटायला लागले होते.

जानेवारीत केंद्राकडून पत्र आलं. सुरक्षेचं काम बघणाऱ्या तान्या बिग्सने लिहिलं होतं की नव्या नियमाने मोठ्या हॉलमध्ये पाचशेच्या वर पाहुणे चालणार नाहीत. तुमच्या जाहिरातीत तर बाराशे आहेत. मेळ्याच्या दिवशी साडेअकराला मी स्वतः येऊन मोजेन, जास्त भरले तर पुढच्या वर्षीपासून हॉल मिळणार नाही. आमच्या चाळीस टेबलांना पुरेल असा दुसरा हॉल आसपास नाही. हा गेला की मेळा संपला.

आमच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. विल्फने वही टेबलावर ठेवली. जेफने ती उघडलीसुद्धा नाही.

"ही दाखवली तर एकही दुकानदार पुन्हा यायचा नाही," तो म्हणाला. "आणि मुळात ती चुकीची आहे. बाराशे माणूस आहे विल्फ, ते लपवावं लागेल."

मग त्याने मी पेस्ट्रीचं पीठ लाटते त्या जागेवर हॉलचा नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीने बाण काढले. सव्वाअकराला पाहुण्यांची डावी आघाडी पबमध्ये जाणार, राखीव दल गाड्यांच्या तळावर थांबणार.

"आणि परत कधी यायचं?" मी विचारलं.

"हुकूम आल्यावर. बिगुल वाजेल."

इतकी वर्षं हे लोक लढाया हरत आलेत, पण ही मोहीम बिनचूक पार पडली. साडेअकराला तान्या वरच्या मजल्यावरून खाली आली. तिच्या ऑफिसची खिडकी पोहण्याच्या तलावाच्या बाजूला उघडते, त्यामुळे माणसं बाहेर गेल्याचा तिला काहीच पत्ता नव्हता. दुकानदार रिकाम्या हॉलकडे बघत दात ओठ खात उभे होते. मनगटावर शिक्का असलेले तेवढे मोजत तिने एक फेरी मारली.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "मिस्टर स्पिन्क, एवढ्या लोकांना हा हॉल कशाला हवा? बॅडमिंटनची खोली घ्या. हा मी ट्रॅम्पोलिनच्या वर्गाला देते."

बॅडमिंटनच्या खोलीत चार टेबलं मावतात. जेफ धावत दारापर्यंत गेला आणि बाहेर ओरडला, "आत या रे सगळे."

कुणी हललं नाही. हुकूम बिगुलाने यायचा होता, आणि बिगुलवाला डाव्या आघाडीबरोबर पबमध्ये जाऊन बसला होता. यांच्या खेळात हुकमाशिवाय तुकडी हलत नाही. शेकडो म्हातारे पाठीवर पिशव्या घेऊन भुरभुर पावसात उभे होते. "फसवताहेत," मागून एक जण म्हणाला. "जागा सोडू नका."

जेफच्या मागोमाग तान्या दारात आली. तिने तळावरची ती फौज पाहिली.

"म्हणजे बाराशे खरे आहेत? तसं असेल तर मेळा बंद. त्रेसष्ट खरे असतील तर छोटी खोली. कुठला आकडा खरा, ते मला आत्ता सांगा."

विल्फ तिथेच खुर्चीत बसला होता, यंत्र हातात. ज्याला परक्याची कॉलर सोडवत नाही, तो ओठ मिटून गप्प. माझ्या हातात बेकन उलटायचा चिमटा होता, तोच त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. मग लक्षात आलं, चारचौघांत दोस्ताला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तेव्हा मला त्याची फार माया आली.

जेफने दुकानदारांकडे पाहिलं, पावसातल्या माणसांकडे पाहिलं, आणि शेवटी विल्फकडे.

"दोन्ही खोटे," तो म्हणाला. आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. "विल्फचा आकडा खरा. आजचाही, आणि सत्तावीस वर्षांचे सगळे. माझे सगळे म्हणजे थापा. वही दे रे विल्फ."

विल्फने वही दिली. प्रत्येक वर्षाचं पान, तासातासाचा आकडा, शेजारी हवा कशी होती तेही.

"आणि आजचे?" तान्याने विचारलं.

"चारशे एकेचाळीस," विल्फ म्हणाला. "त्यातले त्रेसष्ट आत."

तिने छत्री उघडली, तळावरचे मोजले, मग पबमध्ये जाऊन तिथले मोजले. परत आली तेव्हा तिचे बूट चिखलाने भरले होते. "बरोबर आहे," ती म्हणाली, "हॉल तुमचाच." विल्फने तिच्यासाठी चहा सांगितला. पावसामुळे त्यानंतर नवा पाहुणा आला नाही. एकही दुकानदार सोडून गेला नाही. त्यांना खरा आकडा कधीपासून ठाऊक होता, रिकामा गल्ला काय थापा मारणार.

एप्रिलमध्ये मंडळाचं पत्रक आलं. उपस्थितीच्या रकान्यात जेफने छापलं होतं: ४४१. त्याखाली बारीक अक्षरात: मोजणारा धरून ४४२.

विल्फने ते तीनदा वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढली, आणि मी म्हटलं झालं, आता हा तो आकडा खोडणार, कारण त्याने तिकीट काढलं नव्हतं. पेन्सिल कागदावर टेकवून तो बराच वेळ बसला. मग ती परत कानावर ठेवली आणि म्हणाला, "अगं, चहा टाकतेस का?"